खान्देशातील रानबदके आणि हंस: हंगाम, पाणी आणि निरीक्षणाची पद्धत

सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत पसरलेल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मोठे नैसर्गिक सरोवर एकही नाही. तरीही दर हिवाळ्यात लडाख, तिबेट, मंगोलिया, मध्य आशिया आणि सैबेरिया या भागांतून निघालेली रानबदके येथे मोठ्या संख्येने उतरतात, कारण तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर अशा नद्यांवर माणसाने ठिकठिकाणी पाणी अडवून ठेवले आहे. हे पाणी शेतीसाठी आणि पिण्यासाठी अडवलेले असल्यामुळे त्याची पातळी पावसाइतकीच धरणाच्या दरवाजांवर आणि कालव्याच्या आवर्तनांवर अवलंबून असते, आणि बदके त्या पातळीच्या मागोमाग फिरत राहतात. म्हणून पक्षी ओळखायला शिकण्याआधी नवोदिताने पाणी ओळखायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

आधी कायदा समजून घ्या

बदकांच्या हंगामाविषयी माहिती शोधू लागले की बरेचदा अमेरिका आणि कॅनडा या देशांतील शिकारीची पत्रके हाती लागतात. तेथे परवाना, ठरलेल्या तारखा आणि एका दिवसात किती पक्षी मारता येतील याची मर्यादा या चौकटीत पाणपक्ष्यांची शिकार कायदेशीर आहे. भारतात ती नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, पूर्वी अस्तित्वात असलेली शिकारीच्या परवान्यांची तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाल्यानंतरही रानबदकांचे संरक्षण कायम राहिले आहे. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात केवळ बंदूक चालवणे येत नाही. पक्षी पकडणे, फासा किंवा जाळे लावणे, आमिष दाखवणे, त्यासाठी पक्षी हाकणे, अंडी आणि घरटी यांना धक्का लावणे हे सर्व त्यात मोडते. रस्त्याच्या कडेला कोणी ‘तलावावरची बदके’ विकत असेल, तर ती विकत घेणाराही गुन्ह्यात सापडतो. असा प्रकार दिसल्यास स्वतः वाद घालत न बसता वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे आणि ठिकाण व वेळ नेमकी सांगावी.

असे असले तरी जुन्या शिकाऱ्यांकडे असलेले वारा, प्रकाश, आडोसा आणि पाण्याची खोली यांचे ज्ञान आपण टाकून देण्याचे कारण नाही. पक्ष्याला न बिथरवता त्याच्या जवळ पोहोचण्याची विद्या कॅमेरा आणि दुर्बीण वापरणाऱ्यालाही तितकीच लागते.

पहिली पायरी: हंगामाचे वेळापत्रक

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात, येथे दिसतात ती बारमाही राहणारी किंवा थोड्या अंतरावर ये-जा करणारी बदके. हळदी-कुंकू बदक, अडई, नकटा आणि काणूक या जाती याच काळात वीण करतात. काणूक आणि नकटा झाडाच्या ढोलीत घरटे करतात, तर हळदी-कुंकू बदक काठच्या दाट गवतात अंडी घालते. या महिन्यांत गवतात शिरून शोधाशोध करू नये. लांबून काठ न्याहाळावा आणि पिलांची रांग पाण्यात उतरलेली दिसली तर तेवढ्यावर समाधान मानावे.

ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरमध्ये स्थलांतरितांची पहिली तुकडी येते. तिच्यात बहुतेक भुवई बदके असतात. तीच सर्वांत आधी येतात आणि बहुधा सर्वांत शेवटी जातात. ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे परतले की चक्रांग, थापट्या आणि तलवार बदक लहान तलावांवर दिसू लागतात. मात्र हा महिना नवोदिताची परीक्षा पाहणारा असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस नर बदके आपली रंगीत पिसे गाळून मादीसारखी करडी-तपकिरी झालेली असतात आणि बरीचशी त्याच वेषात येथे पोहोचतात. त्यामुळे पुस्तकातील चकचकीत चित्राशी समोरचा एकही पक्षी जुळत नाही. नवोदिताने याने खचून जाऊ नये. डिसेंबर उजाडेपर्यंत बहुतेक नरांचा रंग भरून येतो आणि ओळख पुष्कळ सोपी होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या निमित्ताने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यभर पाळला जातो. त्या आठवड्यात जाणत्या निरीक्षकांबरोबर बाहेर पडण्याची संधी मिळते, ती दवडू नये. खरा भर मात्र डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतो. उत्तरेकडून थंडीची लाट येऊन जळगाव-धुळ्याचे किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, त्या सुमारास मोठ्या पाण्यावर गर्दी वाढते आणि हंसही याच काळात पाहायला मिळतात. मार्चमध्ये पक्षी परतीच्या तयारीने एकत्र येतात. होळीनंतर हंस दिसण्याची आशा धरू नये. भुवई बदक आणि थापट्या मात्र एप्रिलपर्यंत रेंगाळताना आढळतात.

दुसरी पायरी: पाण्याची पातळी वाचणे

काठोकाठ भरलेले धरण पाहून मन सुखावते, पण बदकांच्या दृष्टीने ते फारसे कामाचे नसते. पाण्यावर तरंगत, मान बुडवून आणि शेपटी वर करून खाणाऱ्या जातींना तळापर्यंत चोच पोहोचवायची असते, म्हणून त्यांना हातभर किंवा त्याहून कमी खोलीचे पाणी लागते. चक्रांग, थापट्या, गडवाल, भुवई बदक आणि हळदी-कुंकू बदक या गटात येतात. तलवार बदकाची मान लांब असल्यामुळे ते या गटातील इतरांपेक्षा थोड्या खोल पाण्यातही भागवते. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारून खातात, त्यामुळे त्यांना माणूस बुडेल इतके पाणी चालते आणि ती तलावाच्या मध्यभागी दिसतात. तरंग बदकाची तऱ्हा निराळी आहे. ते काठावर येऊन चक्क गवत चरते.

यावरून साधा नियम निघतो. धरण भरल्यानंतर पातळी अर्धा-एक मीटर उतरली की उताराचा काठ उघडा पडतो, उथळ पाण्याचा पट्टा तयार होतो आणि तरंगणाऱ्या बदकांची सोय होते. खान्देशात हे प्रामुख्याने रब्बीच्या आवर्तनांमुळे घडते. कालव्याला पाणी सुटल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात येते. ती वाचून त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्या धरणाला भेट द्यावी.

काठावर उभे राहूनही पातळीचा इतिहास वाचता येतो. उतरत्या पाण्याने चिखलावर एकाखाली एक अशा रेघा आखलेल्या असतात. सर्वांत वरची रेघ वाळून भेगाळलेली असते, तिच्या खाली लव्हाळ्याचे आणि गवताचे कोवळे कोंब वर आलेले असतात, आणि त्याखाली पाण्याला लागून चकाकणारा ओला पट्टा असतो. त्या ओल्या पट्ट्यात जाळीदार पायांचे ठसे, गळून पडलेली बारीक पिसे आणि ताजी विष्ठा दिसली, तर सकाळी पक्षी तेथे बसून गेले आहेत असे समजावे. पट्टा रुंद असेल तर पाणी भराभर उतरत आहे, आणि पुढच्या आठवड्यात पक्षी आणखी आत सरकलेले असतील.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भरपूर पाऊस झालेल्या वर्षी मोठ्या धरणावर बदके कमी दिसली की ‘यंदा पक्षी आलेच नाहीत’ असे लोक म्हणू लागतात. प्रत्यक्षात अशा वर्षी गावतळी, पाझर तलाव, शेततळी आणि नाल्यांचे डोह सगळेच भरलेले असतात, म्हणून पक्षी सर्वदूर विखुरलेले असतात. याउलट कमी पावसाच्या वर्षी लहान पाणी लवकर आटते आणि सर्व पक्षी दोन-चार मोठ्या जलाशयांवर गोळा होतात. तो देखावा डोळ्यांना मोठा भासतो, पण पक्ष्यांच्या दृष्टीने ती अडचणीची स्थिती असते, कारण खाद्य थोडे आणि तोंडे पुष्कळ. संख्या पाहून आनंद किंवा खेद करण्याआधी आसपासच्या लहान तळ्यांत पाणी किती आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरी पायरी: ठिकाण निवडणे

जळगाव जिल्ह्यातील हतनूर हे या विषयाचे मुख्य ठिकाण होय. तापीवरील या धरणाचे जलफुगवट्याचे क्षेत्र तापी आणि पूर्णा यांच्या संगमापर्यंत, म्हणजे मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेवपर्यंत पोहोचते, आणि बर्डलाइफ इंटरनॅशनल या संस्थेच्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत त्याचा समावेश आहे. धरणाला ४१ दरवाजे आहेत. पुराच्या दिवसांत ते उघडून पाणी पुढे सोडले जाते आणि साठा पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरत जातो. दोन नद्यांनी वाहून आणलेला गाळ येथे वर्षानुवर्षे साचत आला आहे. जलसाठ्याच्या हिशेबात हा गाळ मोठी समस्या आहे, पण त्याच गाळाने तयार झालेली बेटे, उथळ पाण्याचे विस्तीर्ण पट्टे आणि पाणवनस्पतींचे गालिचे यांमुळे बदकांना येथे आसरा मिळाला आहे. पहिल्या भेटीत भिंतीकडच्या खोल पाण्यावर वेळ घालवू नये. संगमाकडील उथळ भाग गाठावा. बाहेरून येणाऱ्यांना भुसावळ हे रेल्वेचे जंक्शन सोयीचे पडते. तेथून वरणगाव-मुक्ताईनगर बाजूला जाणारी वाहने मिळतात.

जळगाव शहरातच असलेला मेहरूण तलाव शिकण्यासाठी उत्तम आहे. तेथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असल्यामुळे पक्षी माणसाला काहीसे सरावलेले असतात आणि मोठ्या दुर्बिणीशिवायही वारकरी (काळा पाणपक्षी), टिबुकली (बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी) आणि हळदी-कुंकू बदक यांच्यातला फरक समजून घेता येतो. पहिले काही आठवडे येथेच काढावेत, हा माझा सल्ला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांजवळून वाहत येणाऱ्या वाघूर नदीवरील धरण खोल आहे. तेथे बुडी मारणाऱ्या जाती शोधाव्यात.

धुळे शहराजवळ नकाणे आणि डेडरगाव हे जुने तलाव आहेत. त्यांचे पाणी शहराला पुरवले जात असल्यामुळे काठावर स्वच्छतेची शिस्त कसोशीने पाळावी. पांझरेवरील अक्कलपाडा आणि शिरपूर तालुक्यातील अनेर येथे हिवाळ्याच्या उत्तरार्धात, पातळी खाली आल्यावर जावे. नंदुरबार जिल्ह्यात तापीवरील सारंगखेडा आणि प्रकाशा या बॅरेजमुळे नदीचे पात्र दूरवर भरलेले राहते. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते त्या दिवसांत रस्त्यांवर आणि काठावर गर्दी असते, म्हणून यात्रा आटोपल्यावर जाणे बरे. नवापूर तालुक्यात उकाई धरणाचे पाणी मागे पसरलेले आहे. तेथील खाचखळग्यांच्या काठावर शांतपणे बसणाऱ्याला बरेच काही दिसते.

चौथी पायरी: वेळ, प्रकाश आणि वारा

जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्याआधी अर्धा तास आपल्या जागी बसलेले असावे, कारण रात्री शेतात किंवा उथळ पाण्यात चरलेले थवे त्या अर्ध्या तासात विश्रांतीच्या जागी परततात. तापीकाठी या दिवसांत दाट धुके पडते. धुके असेल तर डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी: तरंग बदकाची शीळ, चक्रांगाची बारीक किणकिण आणि चक्रवाकाची खणखणीत, नाकातून काढल्यासारखी हाक लांबूनही वेगवेगळी ओळखू येते.

सकाळी सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा रीतीने पूर्व काठावर आणि सायंकाळी पश्चिम काठावर बसावे. उलट बाजूला बसल्यास सर्व बदके काळ्या आकृत्या दिसतात आणि पंखावरचा रंगीत आरसा, म्हणजे चमकदार पट्टा, जी ओळखीची सर्वांत भरवशाची खूण आहे, तो दिसत नाही. साडेदहा-अकरानंतर उन्हाने पाण्यावरची हवा तरळू लागते. मग टेलिस्कोप कितीही महाग असला तरी चित्र थरथरतेच. तेव्हा काम थांबवून पुन्हा चारनंतर बसणे श्रेयस्कर.

वारा सुटला की बदके वाऱ्याच्या आडोशाच्या काठाला येतात, कारण तेथे लाटा कमी असतात. ती उठतानाही वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उठतात. त्यामुळे कोणत्या काठाला बसावे आणि थवा उठल्यास कोणत्या बाजूला जाईल, हे दोन्ही प्रश्न गवताच्या पात्याकडे पाहून सुटतात.

पाचवी पायरी: साहित्य आणि जवळ जाण्याची रीत

आरंभी आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरेशी आहे. त्याहून अधिक शक्तीची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. मोठ्या जलाशयावर पुढे कधीतरी टेलिस्कोप आणि भक्कम ट्रायपॉड लागतो, पण तो घेण्याआधी एक पूर्ण हंगाम दुर्बिणीवर काढावा. कपडे मातकट किंवा वाळल्या गवताच्या रंगाचे असावेत. पांढरा शर्ट दूरवरून चमकतो. वही, पेन्सिल, पाणी, टोपी आणि पहाटेच्या गारठ्यासाठी शाल, एवढे पुरे.

पक्ष्यांकडे सरळ रेषेत चालत जाऊ नये. तिरके चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, आणि पाठीमागे बांध किंवा झुडूप राहील असे पाहावे, म्हणजे आपली आकृती आकाशावर उमटत नाही. बदके खाणे थांबवून माना ताठ करू लागली, की आपण जवळ येण्याची मर्यादा ओलांडली असे समजून तेथेच बसून राहावे. थवा पोहत दूर सरकू लागला तर मागे यावे. हिवाळ्यात साठवलेली चरबी हीच त्या पक्ष्याची परतीच्या प्रवासाची शिदोरी असते, आणि छायाचित्रासाठी त्याला पुन्हा पुन्हा उडवणे म्हणजे ती शिदोरी उधळायला लावणे होय. ड्रोन तर मुळीच उडवू नये. उडत्या थव्याचे चित्र हवे असेल तर दलदली भोवत्या नावाचा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून फिरण्याची वाट पाहावी. तो आला की सगळा तलाव आपोआप उठतो.

सहावी पायरी: ओळख

प्रथम वारकरी बाजूला काढावा. काळा देह, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पक्षी बदक नाही, पण आपल्याकडील तलावांवर त्याची संख्या इतकी असते की नवोदित त्यालाच बदक समजून मोजून मोकळा होतो. त्यानंतर उरलेल्या पक्ष्यांची दोन गटांत विभागणी करावी. जो पक्षी पाण्यात खोल बसलेला, शेपटी पाण्याला टेकलेली, आणि उडताना आधी पाण्यावरून धावत जाणारा, तो बुडी मारणारा. जो हलका बसलेला, शेपटी वर असलेली आणि एकदम सरळ वर झेपावणारा, तो तरंगत खाणारा. एवढे साधले की अर्धे काम झाले.

तरंगणाऱ्यांत थापट्या त्याच्या रुंद, फावड्यासारख्या चोचीमुळे लगेच सापडतो. थापट्यांचा थवा कधीकधी एकामागे एक गोल फिरत पाणी ढवळतो आणि वर आलेले सूक्ष्म जीव चोचीने गाळून खातो. असा फिरता घोळका दिसला तर दुर्बीण खाली न ठेवता नीट पाहावा, कारण चोचीच्या कडेने पाणी गळताना दिसते. तलवार बदकाची मान लांब आणि शेपटी टोकदार असते. भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावर रुंद पांढरी भुवई असते. चक्रांग सर्वांत लहान, आणि त्याच्या पंखावर हिरवा आरसा असतो. गडवाल दुरून नुसता करडा दिसतो, पण पंखावरचा पांढरा चौकोन त्याला उघडा पाडतो. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि मुळाशी दोन लाल ठिपके असतात. ते एकदा जवळून पाहिले की त्याच्या नावाविषयी कोणाला काही विचारावे लागत नाही.

बुडी मारणाऱ्यांत लालसरीच्या नराचे डोके तांबूस, छाती काळी आणि पाठ राखी असते. मोठ्या लालसरीची चोच लालभडक असते. शेंडी बदक काळे-पांढरे, आणि डोक्यामागे लोंबणारी शेंडी हीच त्याची ओळख. चक्रवाक मात्र पाण्यापेक्षा वाळूवर शोधावा. विटकरी-केशरी रंगाची ही मोठी बदके जोडीजोडीने तापीच्या उघड्या वाळवंटावर बसलेली असतात. रात्री चक्रवाकाची जोडी एकमेकांपासून दुरावते, असा संकेत आपल्या जुन्या काव्यात आहे. काठावर मुक्काम केल्यास रात्रभर चरताना त्यांनी एकमेकांना घातलेल्या हाका ऐकू येतात आणि तो संकेत कशावरून आला असेल याचा अंदाज बांधता येतो.

हंसांसाठी वेगळी तयारी

आपल्याकडे येणारा मुख्य हंस म्हणजे पट्टकादंब. फिकट राखी अंग, पांढरे डोके आणि डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे, अशी त्याची खूण आहे. मंगोलिया, तिबेट आणि लडाखमधील उंच सरोवरांच्या काठी तो वीण करतो आणि हिमालय ओलांडून येतो. या प्रवासात त्याने सात हजार मीटरहून अधिक उंची गाठल्याचे उपग्रहाद्वारे मागोवा घेणाऱ्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. कलहंस क्वचितच दिसतो, आणि तो पट्टकादंबापेक्षा जाड, गुलाबी चोचीचा व पट्ट्यांशिवाय असतो.

हंस बदकांप्रमाणे दिवसभर पाण्यात खात नाहीत. दिवसा ते बेटावर किंवा मोकळ्या वाळूवर विश्रांती घेतात आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत शेतांत चरतात. धरणाचे पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. तेथील कोवळा हरभरा आणि गहू हे त्यांचे आवडते खाद्य आहे. शेतात ते येऊन गेले आहेत का, हे पाहायचे असेल तर रोपांचे शेंडे कात्रीने कापावेत तसे तुटलेले दिसतात आणि ओळींमध्ये बोटभर लांबीची हिरवट विष्ठा पडलेली असते. पहाटे अंधार फिटताना ते शेताकडून पाण्याकडे परततात, तेव्हा पाण्याच्या बाजूला बसून त्यांची वाट पाहावी. शेतात त्यांचा पाठलाग करू नये.

गाळपेर करणाऱ्याचे नुकसान खरे असते, हे निरीक्षकाने विसरू नये. ज्या कुटुंबाचा हरभरा रात्रीत चरला गेला आहे, त्याच्यासमोर हंसांचे कौतुक करत बसणे असभ्यपणाचे आहे. बांधावर भेटणाऱ्या आबांना, नानांना आधी राम राम करावा, पिकाची चौकशी करावी, आणि त्यांच्या शेतातून जाण्याची परवानगी मागावी. शेतकऱ्याने रात्री राखण करणे, बुजगावणे किंवा चमकत्या पट्ट्या लावणे यात गैर काही नाही. विषारी दाणे मात्र पक्ष्यांबरोबर जनावरांच्या आणि माणसांच्याही जिवावर बेततात, हे संधी मिळेल तेथे शांतपणे समजावून सांगावे. त्याचप्रमाणे मासेमारी करणारे भोई बांधव हे या पाण्याचे सर्वांत जुने जाणकार आहेत. कोणता थवा कोणत्या बेटाला बसतो आणि कोणत्या दिवसापासून बसतो, हे ते अचूक सांगतात. त्यांची होडी पक्ष्यांच्या जवळ नेण्याचा आग्रह मात्र धरू नये, आणि काठावर पडलेले तुटके जाळे दिसले तर त्यांना विचारून गोळा करावे, कारण त्यात पाय अडकून बदके मरतात.

काठावरचे धोके

वरून वाळलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो. हातातली काठी टोचून पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, आणि उघड्या पात्रात एकट्याने उतरू नये. धरणाच्या खालच्या अंगाला असताना भोंगा वाजला तर सामान आवरण्यात वेळ न घालवता तत्काळ उंच जागी जावे. धरणाच्या भिंतीवर जाण्यास आणि तेथून छायाचित्रे घेण्यास बंदी असते. आवश्यक असेल तर पाटबंधारे विभागाच्या कार्यालयातून आधी लेखी परवानगी घ्यावी.

मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला हात लावू नये. भारतात कोंबड्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापुरात नोंदला गेला, आणि तेथील कुक्कुटपालन व्यवसायाने त्याची मोठी किंमत मोजली. एकाच ठिकाणी अनेक पाणपक्षी मेलेले आढळले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि वनविभागाला लगेच कळवावे, कुत्री व लहान मुले तेथे जाणार नाहीत अशी व्यवस्था करावी, आणि घरी परतल्यावर बूट धुवावेत. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी तलावावर वापरलेले बूट घालून खुराड्यात जाऊ नये.

नोंदी कशा ठेवाव्यात

प्रत्येक भेटीत दिनांक, वेळ, ठिकाण, पाण्याची पातळी, वारा, आणि जातीनिहाय संख्या लिहावी. मोठ्या थव्यातील दहा पक्षी नीट मोजावेत, तेवढ्या गटाने किती जागा व्यापली हे डोळ्यांत ठेवावे आणि त्या मापाने बाकीचा थवा मोजावा. एखाद्या हंसाच्या गळ्यात रंगीत पट्टी किंवा पायात कडे दिसले तर त्यावरील अक्षरे, आकडे आणि पट्टीचा रंग टिपून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावे. त्यावरून तो पक्षी कोठून आला हे समजू शकते. नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भराव्यात, आणि १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत आपल्या तालुक्यातील एखादा दुर्लक्षित तलाव स्वतःकडे घ्यावा. हतनूरला मोजणारे पुष्कळ मिळतात. पाझर तलावाकडे कोणी फिरकत नाही.

पक्षी पहिल्यांदा दिसल्याची तारीख बहुतेक जण लिहितात, शेवटचा दिसल्याची मात्र क्वचितच कोणी लिहितो. त्यासाठी मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत दर आठवड्याला, शक्यतो सकाळी आठच्या आत, त्याच तलावावर जावे लागते. त्या दिवशी पाण्यावर एकही बदक नसेल तर ‘बदक नाही’ असे स्पष्ट लिहून पातळीची नोंद करावी.